राखेखालचे माया खेडे

मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात कोपान नावाचे एक प्राचीन नगर आहे. तेथील एका देवालयाच्या पायऱ्यांवर दोन हजारांहून अधिक चित्राक्षरे कोरलेली असून त्यांत कोपानच्या राजांची नावे, त्यांचे राज्यारोहण, त्यांची युद्धे आणि त्यांचे मृत्यू यांची तिथीवार नोंद आहे. १८३९ साली जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार रान तुडवीत या नगरापर्यंत पोचले. १८४१ साली त्यांच्या प्रवासाचे पुस्तक निघाले आणि माया संस्कृतीचे नाव सुशिक्षित जगाच्या तोंडी झाले. तेव्हापासून उत्खननाची कुदळ प्रामुख्याने चालली ती देवळांच्या, राजवाड्यांच्या आणि राजसमाधींच्या दिशेनेच. माया म्हटले म्हणजे उत्तुंग पिरॅमिड, पिसांचे मुकुट आणि सूक्ष्म कालगणना हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहू लागले.

परंतु ज्या हातांनी ते दगड वाहिले आणि ज्यांच्या धान्यावर राजे, पुरोहित व शिल्पकार पोसले गेले, ते लोक कसे राहत होते? शिलालेख याविषयी मौन पाळतात. नांगरणारा राजा नसतो आणि पेरणीला कोणी शिलालेख कोरीत नाही. जमीन तरी काही सांगेल म्हणावे, तर शेतकऱ्याचे घर कुडाचे आणि गवताने शाकारलेले. उष्ण कटिबंधातील पावसात ते काही वर्षांत कुजते, वाळवी उरलेसुरले खाते आणि हजार वर्षांनी तेथे येणाऱ्या संशोधकाच्या हाती काही खापरे, एखादा फुटका पाटा आणि मातीचा बसका ओटा एवढेच लागते. एवढ्या तुटपुंज्या अवशेषांवरून सामान्य माया माणसाविषयी जी समजूत रूढ झाली, तीही तितकीच तुटपुंजी होती. तो दरिद्री असावा, राजाज्ञेने राबत असावा, आणि कोकणातल्या कुमरीप्रमाणे रान जाळून फिरती शेती करीत असावा, असे फार काळ मानले गेले.

या समजुतीला मोठा धक्का दिला तो एल साल्व्हादोर या चिमुकल्या देशातील एका खेड्याने. जोया दे सेरेन हे त्याचे आजचे नाव. राजधानी सान साल्व्हादोरच्या वायव्येस सुमारे ३५ किलोमीटरवर, झापोतितानच्या खोऱ्यात ते वसले होते. माया संस्कृतीच्या प्रदेशाची ही दक्षिण-पूर्व कड.

झापोतितानचे खोरे सुपीक आहे, आणि ती सुपीकता ज्वालामुखींनी दिलेली आहे. महाराष्ट्रातील काळी जमीन हीही मुळात ज्वालामुखीचीच देणगी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा खडक झिजून ती तयार झाली. परंतु दख्खनचा अग्नी केव्हाच निवाला, आणि तेथील शेतकऱ्याला त्याच्यापासून आता भय नाही. झापोतितानच्या शेतकऱ्याचे तसे नाही. त्याच्या खोऱ्याभोवतीचे डोंगर अद्याप जागे आहेत. तेथील राख उष्ण व दमट हवेत लवकर विघटित होते, तिच्यातील क्षार मोकळे होतात आणि मऊ, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारी माती बनते. मे ते ऑक्टोबर पाऊस पडतो आणि मका उभा राहतो. मात्र हीच राख हातभर जाडीने एकदम कोसळली, तर पीक, रान आणि वस्ती यांचा एका दिवसात निकाल लागतो. पोसणारा आणि मारणारा एकच, अशी ही भूमी आहे.

सेरेनच्या आधी या प्रदेशाने असा एक प्रलय पाहिलेला होता. आज सान साल्व्हादोरच्या पूर्वेला इलोपांगो नावाचे जे रमणीय सरोवर दिसते, ते वास्तविक एका ज्वालामुखीचे खचलेले मुख आहे. पाचव्या शतकात, अन्य एका गणनेप्रमाणे सहाव्या शतकात, त्याचा भयंकर स्फोट झाला आणि पांढऱ्या राखेने दूरदूरचा मुलूख झाकला. तरीही माणसे परत आली. सेरेनपासून काही किलोमीटरवरील सान आंद्रेस या गावी लोकांनी त्याच पांढऱ्या राखेचे आणि दगडमातीचे थर रचून एक भव्य वास्तू उभारली. तिचे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले असून उद्रेकानंतर थोड्याच काळात हे बांधकाम सुरू झाले, असे त्यात दाखविण्यात आले. राख जुनी होऊन जमीन पुन्हा पिकू लागली, तेव्हा काही कुटुंबांनी एका नदीच्या काठी घरे बांधली. तेच सेरेन. वस्ती फार तर शे-दोनशे माणसांची. कोपानच्या शिलालेखात नाव यावे असे तिच्यात काही नव्हते.

इ. स. ६०० च्या पुढेमागे एका सायंकाळी गावापासून अवघ्या सहाशे मीटरांवर जमीन फाटली. नदीच्या पात्राखालून वर येणारा शिलारस पाण्याला भिडला आणि वाफेचे स्फोट होऊ लागले. या मुखाला आज लोमा काल्देरा म्हणतात. प्रथम बारीक, ओलसर, उष्ण राखेचा झोत आला. त्यामागून तापलेल्या दगडांचा मारा झाला. पुन्हा ओली राख, पुन्हा दगड. असे एकावर एक चौदा थर साचले, आणि त्यांखाली गाव सुमारे पाच मीटर खोल गाडले गेले. तापलेल्या दगडांनी काही छपरे पेटली. परंतु ओल्या राखेने भिंती, भांडी आणि झाडेझुडपे यांना चोहोकडून असे लपेटले की ती जागच्या जागी उभी राहिली. पुढे त्यांवर आणखी उद्रेकांचे थर चढले. वर शेते झाली, वाटा झाल्या, आणि खाली एक गाव आहे याची कोणाला आठवणही राहिली नाही.

ते सापडले ते निव्वळ योगायोगाने. १९७६ साली तेथे धान्याची कोठारे बांधण्यासाठी सरकारी काम चालू होते. जमीन सपाट करणाऱ्या यंत्राच्या चालकाला राखेच्या उभ्या कड्यात एका घराची जमीन व भिंत दिसली. त्याने यंत्र थांबविले आणि वर्दी दिली. संग्रहालयाकडून तज्ज्ञ आला. त्याने पाहिले, तो छपराचे गवतसुद्धा शाबूत! एवढे ताजे अवशेष प्राचीन असणेच शक्य नाही, असे त्याला वाटले, आणि काम पुढे चालू झाले. त्यात आणखी काही घरे नष्ट झाली. म्हणजे ज्या अपूर्व स्थितीत हे गाव टिकले होते, तीच त्याच्या मुळावर आली.

दोन वर्षांनी, १९७८ साली, अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स हे खोऱ्याची पाहणी करीत तेथे आले. गावकऱ्यांनी त्यांना ती जागा दाखविली. त्यांनाही ते घर आधी अर्वाचीनच वाटले. परंतु थोडे खोदताच प्राचीन घडणीची भांडी हाती आली. छपराच्या गवताची किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने परीक्षा झाली आणि ते गवत सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी कापलेले ठरले. काम जोमाने चालावे, तोच देशात यादवी पेटली. १९८० पासून १९९२ पर्यंत एल साल्व्हादोर होरपळून निघाले आणि उत्खनन अनेक वर्षे बंद पडले. १९८९ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. १९९२ च्या जानेवारीत तह झाला, आणि पुढच्याच वर्षी, १९९३ साली, युनेस्कोने जोया दे सेरेनची जागतिक वारशात गणना केली.

सेरेनला 'अमेरिकेतील पाँपेई' असे म्हणण्याचा प्रघात आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेले पाँपेई हे श्रीमंत रोमन नगर. सेरेन मात्र शेतकऱ्यांचे खेडे. आणखी एक भेद मोठ्या समाधानाचा आहे. पाँपेईत माणसांचे सांगाडे विपुल मिळाले. सेरेनच्या उत्खनित भागात उद्रेकात मेलेल्या एकाही माणसाचा देह आढळलेला नाही. जमीन हादरली, वाफेचा आवाज झाला, आणि लोक हातातले काम टाकून निघून गेले. कोठाराजवळ बांधून ठेवलेले एक बदक आणि छपराच्या गवतातले उंदीर मात्र सुटू शकले नाहीत.

माणसे गेली, त्यांची सायंकाळ तेवढी मागे राहिली. जेवणाची भांडी अजून विसळलेली नव्हती. निजायच्या चटया गुंडाळून आढ्याशी ठेवलेल्या होत्या. शेतीची अवजारे घरी आलेली होती. यावरून रात्रीचे जेवण झाले होते, पण निजानीज झाली नव्हती, ही वेळ निश्चित करता आली. शेतातला मका तयार झालेला होता. त्यावरून महिना ऑगस्टचा असावा, असे अनुमान निघाले. इतिहासात सन कळणे पुष्कळदा कठीण. येथे सनात थोडे मागेपुढे झाले, पण प्रहर मात्र अचूक कळला.

वनस्पती राखेत कुजून गेल्या. परंतु त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राखेत तशाच राहिल्या होत्या. उत्खनन करताना अशी पोकळी लागली की तीत दंतवैद्य वापरतात तसले प्लास्टर ओतावयाचे आणि ते घट्ट झाल्यावर भोवतालची राख हलकेच काढावयाची. मग मक्याचे ताट, मिरचीचे झुडूप, घायपाताचे पान किंवा जमिनीतला कंद आपल्या मूळ रूपात हाती येतो. याच युक्तीने १८६३ साली फिओरेल्ली याने पाँपेईत माणसांच्या आकृती मिळविल्या होत्या. सेरेनमध्ये तिने एक अख्खे शिवार उभे केले.

प्रथम घरे पाहावी. एका कुटुंबाचे घर म्हणजे एक खोली नव्हे. निजण्याबसण्याची वास्तू वेगळी, कोठीघर वेगळे आणि स्वयंपाकघर वेगळे. प्रत्येक वास्तू मातीच्या जोत्यावर उभी. भिंती कुडाच्या, उभ्या काठ्यांवर माती थापून केलेल्या, वर गवताचे छप्पर. भूकंपात अशी भिंत लवते, पण एकदम अंगावर कोसळत नाही; भूकंपाच्या देशात पुढे चालू झालेल्या जड विटांच्या घरांपेक्षा ती अधिक सुरक्षित. छपराची वळचण चांगली रुंद असून तिच्या सावलीत काम करावयास जागा होती. मक्याचे पीठ वाटण्याचा पाटा जमिनीवर न ठेवता दुबेळक्या लाकडांवर कमरेच्या सुमारास बसविलेला, म्हणजे वाटणारीला वाकावे लागू नये. ज्वालामुखीच्या काळ्या काचेची धारदार पाती वळचणीच्या गवतात उंच खोवून ठेवलेली होती. लहान मुलांचा हात पोचू नये, हाच त्यामागचा हेतू असणार. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम आईची काळजी कोणत्याही घरात आज सहज ओळखता येईल.

आता घरातले सामान पाहावे. एकेका कुटुंबाजवळ सत्तरांच्या घरात मातीची भांडी होती, आणि रंगविलेले तुंबे निराळे. त्या भांड्यांत कोपानच्या धर्तीची बहुरंगी नक्षीदार भांडीही पुष्कळ होती. हिरव्या अश्माची कुऱ्हाड होती. काळी काच ग्वाटेमालातील इश्तेपेके डोंगरावरून येत असे. या वस्तू गावात होत नसत. त्या बाजारातून आणाव्या लागत, आणि त्यांच्या मोबदल्यात प्रत्येक घर आपले असे काहीतरी पिकवीत किंवा बनवीत असे. एका घरामागे घायपाताची सुमारे सत्तर रोपे होती. त्यांच्या वाखाचे दोर दहा-बारा घरांना पुरावेत. दुसऱ्या घरी तुंबे रंगविण्याचे काम चाले. तिसऱ्या घरी पाटे अधिक, कारण गावच्या सणाचे रांधणे त्यांच्याकडे असे. दारिद्र्याच्या रूढ कल्पनेत हे चित्र कोठेच बसत नाही.

घरांना लागूनच शेते. जमीन सरी-वरंबा पद्धतीने बांधलेली, आणि वरंब्यांचा उतार पाण्याचा निचरा होईल असा. वरंब्यावर मक्याची तीन ते पाच ताटे एका ठिकाणी, मग थोडे अंतर, मग पुन्हा ताटे. पक्व झालेली ताटे कणसाखाली मोडून वाकविलेली आढळली. असे केल्याने कणीस उलटे लोंबते, त्यात पावसाचे पाणी शिरत नाही, पाखरांचा उपद्रव कमी होतो, आणि दाणा ताटावरच वाळतो. मध्य अमेरिकेतील शेतकरी आजही हेच करतो. मक्याच्या सोबतीला घेवडा आणि भोपळा. मका उभा राहून घेवड्याच्या वेलाला आधार देतो. घेवडा जमिनीचा कस वाढवितो. भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखतात. ग्वाटेमालातील कीचे माया लोकांच्या 'पोपोल वुह' या ग्रंथात देवांनी मनुष्य मक्याच्या पिठापासून घडविला, असे सांगितले आहे. सेरेनचे शेत पाहिले म्हणजे ती कथा केवळ कविकल्पना वाटत नाही.

मक्याहूनही अनपेक्षित असे पीक २००७ साली सापडले. गावाच्या दक्षिणेस मोठमोठे वरंबे लागले. पोकळ्यांत प्लास्टर ओतल्यावर जे कंद बाहेर आले ते मॅनिओकचे, म्हणजे ज्याला टॅपिओका म्हणतात त्याचे. माया लोक हा कंद लावीत असावेत, अशी शंका संशोधकांना पूर्वीपासून होती. पण मॅनिओकचे शेत कोणी पाहिलेले नव्हते. येथे ते विस्तृत प्रमाणावर मिळाले. उद्रेकापूर्वी अगदी थोड्या दिवसांत त्याची काढणी झालेली होती आणि नव्या लागवडीसाठी खोडाचे तुकडे वरंब्यात आडवे पुरलेले होते. हा कंद हलक्या जमिनीतही येतो आणि अवर्षणातही तग धरतो. मका गेला तरी घर उपाशी राहू नये, अशी ही बेगमी. माया नगरांतील दाट लोकसंख्या कशावर पोसली गेली असेल, या जुन्या वादात या शोधाने नवा पुरावा पुढे आला.

मराठी घराला हा कंद परका नाही. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून होतो. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे. ते समुद्रमार्गे भारतात आले, आणि साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या परिसरात वाढले. सेरेनच्या परसात आढळलेल्या मिरचीची आणि पेरूची हकीकतही अशीच आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले, आणि पुढच्या काळात अमेरिकेतली ही झाडे त्यांच्या गलबतांतून या किनाऱ्याला लागली. आज मिरचीवाचून मराठी स्वयंपाकाची कल्पना करवत नाही. सेरेनच्या घरात मात्र ती कोलंबसाच्या आधी नऊशे वर्षे छपराच्या वाशांना टांगलेली होती. अंगणात कोकोचे झाडही होते, आणि त्याच्या बिया कोठीत जपून ठेवलेल्या होत्या.

गावाचे सार्वजनिक जीवनही राखेने जपले. मध्यभागी जाड भिंतींची एक मोठी वास्तू होती. तिच्यात बसण्यासाठी मातीचे दोन कट्टे आणि पेय वाटण्यासाठी एक थोरले भांडे ठेवलेले होते. गावातील वडीलधारी मंडळी येथे जमून तंटेबखेडे मिटवीत असावीत. घुमटाच्या छताचे एक बाष्पस्नानगृह होते; त्यात एका वेळी दहा-बारा माणसे बसू शकत. एका लहानशा वास्तूला जाळीच्या खिडक्या होत्या आणि आत निरनिराळ्या माणसांनी वाहिलेल्या बारीकसारीक वस्तू होत्या. तेथे भविष्य सांगणारी एखादी स्त्री बसत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. दुसऱ्या एका वास्तूत हरणाच्या कवटीचा रंगविलेला शिरोभूषणासारखा अवशेष मिळाला. सुगीच्या उत्सवाचे साहित्य तेथे ठेवीत.

या सर्वांचा अर्थ काय लावावयाचा? शीट्स आणि त्यांचे सहकारी यांनी तीन दशकांहून अधिक काळच्या कामातून जो निष्कर्ष काढला, तो विचारात घेण्यासारखा आहे. शेतांच्या हद्दी एका दिशेने, शिस्तीने आखलेल्या आहेत. म्हणजे जमिनीची वाटणी गावपातळीवर ठरत असावी. परंतु हद्दीच्या आत वरंबा किती उंच, किती रुंद आणि रोपे किती अंतरावर, हे प्रत्येक शेतात वेगळे आहे. शेजारी शेजारी असूनही दोन शेतकऱ्यांची पद्धत एक नाही. म्हणजे ती बाब ज्याची त्याने ठरविलेली. कोणते जास्तीचे उत्पन्न काढावे आणि कोणत्या बाजारी न्यावे, हेही घराघराने ठरविलेले दिसते. दूरच्या अधिपतीचा हुकूम दैनंदिन व्यवहारात पदोपदी चालत होता, असे दाखविणारे चिन्ह या गावात आढळले नाही. सान आंद्रेसचा अधिपती होता, गाव त्याला काही देत असेल. पण गावचा रोजचा संसार गावच्या हातात होता.

एका खेड्यावरून साऱ्या माया जगाचा निवाडा करणे योग्य होणार नाही. राखेची सुपीक जमीन सर्वत्र नव्हती, आणि महानगरांच्या सावलीतील शेतकऱ्यांवरचा भार निराळा असेल. तथापि अन्यत्र मिळालेला पुरावाही याच दिशेने बोलतो. बेलीझमध्ये दलदलीत भर घालून केलेली उंच शेते आणि काराकोल नगराभोवतीच्या डोंगरउतारावरील पायऱ्यांची शेती यांनी निव्वळ फिरत्या शेतीची कल्पना मोडीत काढली. २०१८ साली विमानातून सोडलेल्या लेसर किरणांनी उत्तर ग्वाटेमालाच्या अरण्याची झालेली पाहणी प्रसिद्ध झाली. दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रात साठ हजारांवर बांधकामे आणि मोठमोठी सुधारलेली शेतजमीन तीत दिसून आली. माया शेतकरी जमिनीचा जाणता होता, हे आता निःसंशय म्हणता येते.

झापोतितानच्या खोऱ्यात आजही शेती चालते. ज्वालामुखीही आपला हक्क सोडीत नाही. स्पॅनिश अमदानीत सान आंद्रेस येथे निळीचा कारखाना होता. १६५८ साली एल प्लायोनच्या उद्रेकात तोही राखेखाली गेला आणि पुढे उत्खननात सापडला. १९१७ साली सान साल्व्हादोरचा ज्वालामुखी पुन्हा जागा झाला, तेव्हा त्याच्या मुखातील सरोवर आटून गेले. तरीही दर वेळी शेतकरी त्या जमिनीकडे परतला.

आता सेरेनला भय आहे ते निराळे. पाच मीटर राखेखाली ज्या भिंती चौदाशे वर्षे टिकल्या, त्या उघड्या झाल्याबरोबर ऊन, वारा आणि हवेतली ओल त्यांना झिजवू लागली. मातीच्या वास्तू दगडी देवळांसारख्या काळाशी टक्कर देऊ शकत नाहीत. त्यांवर छपरे घातली आहेत आणि राखण चालू आहे. गावाचा मोठा भाग अजून राखेखाली आहे, आणि तूर्त त्याचे तेथेच असणे हिताचे. १९७६ साली ज्या घरांवरून यंत्र फिरले, ती परत येणार नाहीत. त्या घरांतील वळचणींना काय खोवलेले होते, हे आता कोणालाच कळावयाचे नाही.

२०११ साली उत्खनन चालू असता मॅनिओकच्या शेतांच्या बाजूस एक रस्ता लागला. इलोपांगोच्या त्याच जुन्या पांढऱ्या राखेने तो ठोकून घट्ट केलेला होता, आणि पाणी वाहून जावे म्हणून दोन्ही बाजूंस चर खणलेले होते. पूर्वजांचा ज्या राखेने घात केला, तिचाच नातवंडांनी रस्ता केला होता. त्या रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातीत माणसांच्या पावलांचे ठसे उमटलेले आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठसे दक्षिणेकडे जातात. ज्वालामुखीचे मुख गावाच्या उत्तरेस होते.